अफवांची साथ आणि विश्वासाची लस

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

साथीचा रोग गावात आला की त्याच्याबरोबर दोन गोष्टी पसरतात. एक म्हणजे रोगाचे जंतू आणि दुसरी म्हणजे त्या रोगाविषयीची बोलणी. जंतूंच्या बंदोबस्तासाठी औषधे आहेत, लसी आहेत, दवाखाने आहेत. बोलण्यांचा बंदोबस्त कोणी आणि कसा करायचा, हा प्रश्न मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी जितका अवघड होता तितकाच आजही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली करोनाच्या प्रारंभीच 'माहितीची साथ' असा शब्द वापरला, तो यामुळेच.

ही दुसरी साथ सर्वांनाच लागते. परंतु जो समाज आपल्यापुरता राहतो, ज्याची बोली, व्यवसाय, सोयरिक आणि प्रार्थनास्थळ एकाच वस्तीत सामावलेले असते, त्या समाजात ती अधिक खोल रुजते असे दिसते. असे का व्हावे? आणि हातोहाती आलेल्या मोबाईलने त्यात काय भर घातली? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणे बहुतांशी आपल्या जवळची, म्हणजे खान्देशातील व खान्देशाच्या वेशीवरच्या मालेगावची आहेत. कोणत्याही एका धर्माला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू येथे यत्किंचितही नाही. ज्या मराठी भाषेत एका भयंकर रोगाचे नावच 'देवी' होते, गावोगाव पटकीच्या भीतीने मरीआईचे ठाणे उभे राहिले, त्या भाषेच्या माणसाने दुसऱ्याच्या श्रद्धेकडे बोट दाखविण्यापूर्वी थोडे थांबलेले बरे.

प्लेगच्या काळातील धडा

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. सव्वाशे वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात करोनासाठी लागू झाला तो हाच कायदा. त्याच्या जोरावर पथके घरांत शिरू लागली, रोग्यांना उचलून नेऊ लागली. पुण्यात त्याचा शेवट रँडच्या वधात झाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. मात्र मुंबईतील एक घटना आपल्या पाठ्यपुस्तकात सहसा नसते. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुरा भागात एका मुसलमान विणकर कुटुंबातील आजारी मुलीला तपासण्यासाठी प्लेगचे पथक गेले. घरच्यांनी विरोध केला आणि बघता बघता दंगल उसळली. हे विणकर उत्तरेतून पोटासाठी आलेले होते. मालेगावातील मोमीन विणकरांचे पूर्वजही १८५७ नंतरच्या काळात त्याच मुलुखातून आलेले आहेत. परक्या माणसाने आपल्या घरातील मुलीच्या अंगाला हात लावायचा, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती. रोगापेक्षा बेअब्रूचे भय मोठे होते.

त्याच मुंबईत, त्याच साथीत, याच्या अगदी उलट घटनाही घडली. डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक तरीही धजेनात. तेव्हा खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम वीस, म्हणजे आपल्यातील बहुतेकांइतकेच होते. त्यांचे पाहून अनुयायी पुढे आले. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला पुढे जागाही त्यांनीच दिली.

दोन्ही समाज आपल्यापुरते राहणारे आणि धर्मनिष्ठ. एकाने पथकावर दगड उचलला, दुसऱ्याने दंड पुढे केला. तेव्हा समाज बंदिस्त असणे हेच रोगाला निमंत्रण, असे म्हणता येत नाही. त्या समाजाच्या दारातून आत कोण येतो आणि कसा येतो, यावर पुष्कळ अवलंबून असते.

भीती नेहमीच निराधार असते असेही समजू नये. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचल्यावर एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली, कारण लसीच्या एका बाटलीत दोष शिरला होता. अलीकडे २०११ साली पाकिस्तानात अमेरिकी हेरखात्याने ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी लसीकरणाच्या मोहिमेचे सोंग उभे केले. नंतर तेथे पोलिओचे थेंब पाजणाऱ्या कितीतरी स्वयंसेविकांना जीव गमवावा लागला. एकदा विश्वास मोडला की त्याची किंमत दुसरेच कोणी तरी मोजते.

मोबाईलने काय बदलले?

पूर्वी अफवा पायी चालत असे. बाजारच्या दिवशी एका गावाहून दुसऱ्या गावी जाई आणि वाटेत थोडी विरतही असे. २०१६ सालानंतर मोबाईलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि तिला पंख फुटले. पण केवळ वेग वाढला असे नाही. आणखी तीन गोष्टी झाल्या, त्या नीट समजून घेण्याजोग्या आहेत.

पहिली अशी की आता निरोपाला अक्षरओळख लागत नाही. बोललेला निरोप आणि चित्रफीत निरक्षर माणसापर्यंतही थेट पोहोचते. सरकारचे पत्रक मात्र अजून छापील असते, तेही बोजड मराठीत. ज्या घरात उर्दू वा अहिराणी बोलतात, तेथे ते पत्रक पुडी बांधायला उपयोगी पडते.

दुसरी अशी की निरोप ओळखीच्या माणसाकडून येतो. वर्तमानपत्रातील बातमी कोणा अनोळखी संपादकाची असते. व्हॉट्सॲपवरील निरोप मामाकडून, मावसभावाकडून, मशिदीतल्या वा भजनी मंडळातल्या सोबत्याकडून येतो. तो मुळात कोणी लिहिला हे कोणालाच ठाऊक नसते, परंतु तो देणारा हात आपला असतो. आपण निरोपावर नव्हे, त्या हातावर विश्वास ठेवतो.

तिसरी अशी की तो चारचौघांत येत नाही. चावडीवर कोणी काही बोलला तर दुसरा कोणी त्याला हटकू शकतो. खिशातल्या यंत्रात आलेला निरोप माणूस एकटाच ऐकतो. गटातील सगळे एकाच विचाराचे असले तर हटकणारा कोणी उरतच नाही.

या तिन्हींचा परिणाम काय होतो हे धुळे जिल्ह्याने फार भयानक रीतीने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना 'मुले पळविणारी टोळी' समजून जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे गरीब लोक होते. मुले पळविण्याच्या चित्रफिती त्याआधी काही दिवस मोबाईलवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही असे बंधन घातले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार! राईनपाड्याचा आरोग्याशी थेट संबंध नाही हे खरे, परंतु अनोळखी माणूस आणि मोबाईलवरील निरोप यांची गाठ पडली तर काय होते ते यातून कळते. वस्तीत येणारी आरोग्यसेविकाही अनेकदा अनोळखीच असते.

मालेगाव : २०२०

मालेगाव तसे नाशिक जिल्ह्यात, पण बोलीने, बाजारहाटाने आणि सोयरिकीने ते खान्देशाला जोडलेले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८१ हजार होती. त्यात मुसलमान बहुसंख्य आहेत. मोसम नदी शहराचे दोन भाग करते आणि नदीबरोबरच भाषा, शाळा व दुकानेही विभागली जातात. यंत्रमागाच्या खडखडाटात एकेका खोलीत आठ-दहा माणसे पाळीपाळीने झोपतात. तेथे 'सुरक्षित अंतर' हा शब्द ऐकून कोणालाही हसू यावे.

हा समाज आधुनिक माध्यमांपासून दूर आहे अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. याच मालेगावने हौसेने व स्वतःच्या पैशाने चित्रपट काढले. 'खान्देश का छोटू दादा' या नावाने निघणाऱ्या त्यांच्या विनोदी चित्रफिती आपल्या वर्गातील कोणी पाहिल्या नसतील असे वाटत नाही. बंदिस्त समाज म्हणजे यंत्राला नकार देणारा समाज नव्हे. तो यंत्र घेतो, आणि त्यातून आपल्याच माणसांशी बोलतो.

एप्रिल २०२० मध्ये मालेगावात करोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि थोड्याच दिवसांत शहराचे नाव देशभर गाजले. परंतु त्याआधी काय घडले होते ते लक्षात घेतले पाहिजे. डिसेंबर २०१९ पासून नागरिकत्वाच्या प्रश्नावरून देशात आंदोलने सुरू होती. वही घेऊन दारात येणारा प्रत्येक माणूस आपले नाव यादीतून वगळायला आला आहे, असा धसका पुष्कळ वस्त्यांनी घेतला होता. पाठोपाठ मार्चमध्ये दिल्लीच्या तबलिगी मरकजचे प्रकरण झाले आणि दूरचित्रवाणीवर व मोबाईलवर एका संपूर्ण समाजाला रोगाचे कारण ठरविण्यात आले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले. या लोकांना बळीचा बकरा केले गेले असे नमूद करून माध्यमांतील प्रचारावरही न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. परंतु न्यायालयाचा निकाल यायला पाच महिने लागतात, निरोप पाच सेकंदांत पोहोचतो. 'तुमच्यामुळे रोग आला' असे ज्याला सांगितले जाते, तो ताप आल्यावर दवाखान्यात कशाला जाईल? तो ताप लपवील. मालेगावातील खाजगी दवाखानेही त्या काळात बंद होते, त्यामुळे मधुमेहाच्या व हृदयविकाराच्या रुग्णांचेही हाल झाले.

आणि दवाखान्याची भीती काय एकट्या मालेगावला होती? जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून आपल्या भुसावळची एक वृद्धा बेपत्ता झाली आणि काही दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही डॉक्टरांना निलंबित करण्यात आले. त्यानंतर कितीतरी दिवस 'जळगावला नेऊ नका' असे रुग्ण हात जोडून सांगत. ते मंदिरात जाणारे होते की मशिदीत जाणारे, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

मालेगाव सावरले कसे? बाहेरून दिलेल्या धमकीने नव्हे. रमजानच्या महिन्यात उलेमांनी घरीच नमाज पढण्यास सांगितले आणि मे महिन्यातील ईदही घरातच साजरी झाली. तेथील युनानी महाविद्यालयाचा 'मन्सुरा काढा' घरोघर गेला. काढ्याने करोना बरा होतो असे कोणी म्हणू नये, तसा पुरावा नाही. परंतु त्या निमित्ताने आपल्या गावचा, आपल्या बोलीचा हकीम दारात आला आणि त्याच्याजवळ लोक तापाचे खरे सांगू लागले, ही गोष्ट लहान नाही. साथ ओसरल्यावर 'मालेगावची जादू' म्हणून तिचा अभ्यास करण्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ठरविले.

लस आली, पण...

पण पुढच्याच वर्षी याच शहराने लसीच्या बाबतीत पाय मागे घेतला. लसीने मूल होत नाही, लस घेणारा दोन वर्षांत मरतो, असे निरोप मे २०२१ पासून सर्व भाषांत फिरत होते. दुसऱ्या निरोपाला तर एका नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाचे नाव चिकटविलेले होते. ती दोन वर्षे केव्हाच उलटून गेली. निरोप पाठविणारे आणि लस घेणारे दोघेही सुखरूप आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी मुस्लिमबहुल भागांत लसीकरणासाठी अभिनेता सलमान खान आणि धर्मगुरू यांची मदत घेण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी मागे पडलेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली. त्या यादीत आपल्या खान्देशातील आदिवासीबहुल नंदुरबारही होता. तेव्हा रोग धर्माचा नसून दुराव्याचा आहे, हे पुन्हा दिसून येते.

२०२२ च्या हिवाळ्यात या दुराव्याचे देणे चुकवावे लागले, तेही मुलांना. मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची साथ भडकली, पाठोपाठ भिवंडी व मालेगावातही रुग्ण सापडले. गोवर हा फार वेगाने पसरणारा रोग आहे. रुग्णाच्या सहवासात आलेल्या आणि लस न घेतलेल्या दहापैकी नऊ जणांना तो होतो. म्हणून शंभरातील पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या तरच तो थोपविता येतो. पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर आणि दुसरी दीड वर्षाच्या सुमारास. करोनाच्या काळात नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले होते, त्यात अफवांची भर पडली आणि पंचाण्णवाचा बांध फुटला.

इंटरनेट नसते तर?

काहींचे म्हणणे असे की सारा दोष मोबाईलचा आहे, तो काढून घेतला की प्रश्न मिटेल. या म्हणण्याची परीक्षा न्यूयॉर्कमध्ये आपोआप झाली आहे. तेथील ब्रुकलिन भागात कडवे सनातनी ज्यू राहतात. इंटरनेटच्या धोक्याविरुद्ध त्यांनी मे २०१२ मध्ये एका प्रचंड क्रीडांगणात हजारोंची सभा भरविली होती. पुष्कळांजवळ इंटरनेट नसलेले साधे फोन असतात. तरीही २०१८-१९ मध्ये तेथे गोवराची साथ आली आणि एकट्या न्यूयॉर्क शहरात ६४९ रुग्ण झाले. लसीविरुद्धचा प्रचार तेथे छापील पुस्तिकेतून आणि फोनवर ऐकविल्या जाणाऱ्या भाषणांतून पसरला होता. शहराने एप्रिल २०१९ मध्ये आणीबाणी जाहीर करून दंडाची भीती घातली. पण घराघरांत शंका फेडण्याचे काम केले ते त्याच समाजातील परिचारिकांनी. त्या आयांच्या शेजारी बसल्या आणि पुस्तिकेतील एकेका वाक्याला त्यांनी उत्तर दिले.

म्हणजे यंत्र हे मूळ कारण नाही, ते केवळ वाहन आहे. वाहनात कोण बसले आहे हे पाहिले पाहिजे.

नायजेरियातील कानो प्रांताचे उदाहरणही असेच आहे. २००३ साली तेथील मुसलमान नेत्यांनी पोलिओच्या थेंबांवर बहिष्कार घातला आणि रोग शेजारच्या देशांत पसरला. अखेर इंडोनेशिया या मुस्लिम देशात बनविलेली लस आणल्यावर बहिष्कार उठला. थेंब तेच, फक्त ते देणारा हात बदलला. आपल्याकडेही २०१० साली मालेगावात पोलिओचे रुग्ण सापडले होते. मशिदींतून पुकारा, मौलवींची आवाहने आणि सेविकांच्या पुन्हा पुन्हा घातलेल्या खेपा यांतून देशभर काम झाले. जानेवारी २०११ नंतर देशात रानटी विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला.

आपल्या मुक्ताईनगरचेच पाहा. वारी चुकणे म्हणजे वारकऱ्याला जन्म वाया गेल्यासारखे. तरीही ३० जून २०२० रोजी मुक्ताबाईंच्या पादुका एस.टी.च्या बसमधून मोजक्या माणसांनिशी पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकरी घरी थांबले. हा निर्णय संस्थानांनी आणि महाराज मंडळींनी आपला मानला, म्हणून तो पाळला गेला.

आपले काम

येथवर सारे मोठमोठ्या लोकांविषयी झाले. आता थोडे आपल्याविषयी.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील मालधक्क्यावर हमाली करतात, आई चार घरी पोळ्या करते. त्यामुळे गल्लीत एक गमतीचे पद मला आपोआप मिळाले आहे. कोणाच्या मोबाईलवर काही आले की तो माझ्यापुढे धरला जातो आणि विचारले जाते, "बाई, हे खरं हाये का? तू कालेजात जातेस ना?" कांद्याचा रस, गरम पाण्याची वाफ, लसीतली सुई, सर्व काही मला विचारतात. मी काही डॉक्टर नाही. पण एवढे मला कळले आहे की विचारणाऱ्याला सत्यासोबत सत्य सांगणारे माणूसही हवे असते. आशाताई गल्लीत येतात तेव्हा मी त्यांच्याबरोबर दारोदार जाते. ज्या घरात "मर्द घरी नाही" म्हणून दार लोटले जाते, तेथे ओळखीच्या मुलीला पाहून ते उघडते. मग आशाताई आत बसतात, मूल मांडीवर घेतात आणि बोलणे सुरू होते. पहिल्या खेपेला लस घेतली जातेच असे नाही. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला घेतली जाते.

आपल्या महाविद्यालयात अशा गल्ल्यांतून आलेली शेकडो मुले-मुली आहेत. प्रत्येकाच्या घरी कोणीतरी मोबाईल पुढे करून विचारत असणार. त्यावेळी "अडाणी कुठले!" असे म्हणून हसण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण हसल्याने माणूस विचारणे थांबवितो आणि निरोपावर विश्वास ठेवणे मात्र थांबवीत नाही. त्याऐवजी त्याच्या शेजारी बसून तीनच गोष्टी विचाराव्यात. हा निरोप प्रथम कोणी लिहिला, त्याचे नाव-गाव आहे का? ज्या ठिकाणाची ही चित्रफीत आहे म्हणतात, ते ठिकाण व दिवस त्यात कोठे दिसतो का? आणि आपल्या ओळखीच्या ज्याने लस घेतली, त्याचे प्रत्यक्षात काय झाले? बहुतेक अफवा तिसऱ्या प्रश्नापर्यंत टिकत नाहीत.

प्राध्यापकवर्गाला एक नम्र विनंती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, ते चांगलेच आहे. त्याबरोबर आरोग्य केंद्राचे एखादे पत्रक उर्दूत, अहिराणीत, तडवी बांधवांच्या बोलीत आपण का बोलून पाहू नये? ते छापायचे नाही. आपल्याच आवाजात दोन मिनिटांचा निरोप करायचा आणि आपापल्या नातलगांच्या गटात पाठवायचा. अफवा ज्या वाटेने आली त्याच वाटेने, त्याच आपुलकीच्या आवाजात खरी गोष्टही जाऊ शकेल. आगाखानांचा अधिकार आपल्याजवळ नाही. पण ज्या घरात आपले बोलणे ऐकले जाते असे एक घर तरी प्रत्येकाजवळ आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाने त्या एका घरातील लहान मुलांच्या लसीचे कार्ड काढून पाहावे आणि राहिलेली मात्रा कोणती ते आशाताईंना विचारून घ्यावे. सुरुवात म्हणून एवढे पुरेसे आहे.